समुपदेशक संघटनेचं मुंबई विभागाचं पद घेताय? मग हा क्रम पाळा

"मॅडम, तुमचं नाव घालतोय हं मुंबई विभागासाठी. विशेष काम नसतं, वर्षाचे दोन-चार कार्यक्रम." असा फोन आला की बहुतेक जण "बरं" म्हणून मोकळे होतात, आणि घोळ तिथेच सुरू होतो. मी दोन मुदती हे बिनपगारी पद सांभाळलं आणि माझ्यानंतरच्या तिघांना ते सांभाळताना जवळून पाहिलं. चुका जवळजवळ त्याच. पहिल्या महिन्यात कार्यक्रम लावायचा आणि सहाव्या महिन्यात विचारायचं, "सभासदांची यादी कुणाकडे असते?" माझंही तसंच झालं होतं. कुठे विभागीय समन्वयक म्हणतात, कुठे प्रतिनिधी, कुठे शाखाप्रमुख. नाव काहीही असो, कामाचा क्रम एकच आहे.

१. होकार देण्याआधी पत्र मागा

फोनवर "विचार करून सांगते" म्हणा आणि ईमेलवर नेमणुकीचं पत्र मागवा. त्यात पाच गोष्टी हव्यात: मुदत किती, हद्द कुठपर्यंत, न विचारता किती खर्च करता येईल, संघटनेच्या नावानं काय बोलता-लिहिता येईल, आणि तुम्ही कुणाला उत्तर द्यायचं, सचिवांना की अध्यक्षांना. "दोघांनाही" असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा. दोन साहेब असलेला स्वयंसेवक तीन महिन्यांत पळतो.

हद्दीचा मुद्दा कुणी विचारत नाही, म्हणून तो हमखास अंगाशी येतो. सरकारदरबारी मुंबईचे दोन जिल्हे, शहर आणि उपनगर. पण विरारची सभासद स्वतःला मुंबईचीच समजते, तिचा जिल्हा मात्र २०१४ पासून पालघर. ठाणे, कल्याण, नवी मुंबई, पनवेल तुमच्याकडे आहेत की वेगळ्या शाखेकडे, हे पत्रात गावांच्या नावानिशी लिहून घ्या.

मग संघटनेची घटना मागा आणि स्वतः वाचा. पदसिद्ध म्हणून तुम्ही कार्यकारिणीवर जाणार आहात का, हे त्यात सापडतं. जाणार असाल आणि संघटना महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) म्हणून नोंदलेली असेल, तर विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे हा बदल ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला कळवावा लागतो. त्यालाच बदल अर्ज म्हणतात. तो सचिवांनी भरायचा असतो, तुम्ही नव्हे. पण भरला का, हे विचारायचं तुम्हीच. कागदोपत्री दोन मुदतींपूर्वीचे लोक अजून पदावर आहेत अशा संस्था काही थोड्याथोडक्या नाहीत.

*तपासा:* पत्र हातात आहे? घटना वाचली? आठवड्याचे तीन-चार तास कुठून काढणार, ते डायरीत लिहिलं? "जमेल तसं" हे उत्तर चालणार नाही.

२. पदभार सावकाश आणि लेखी घ्या

माझा पदभार मी दादरच्या पुलावर घेतला, संध्याकाळी सव्वासहाला. आधीच्या बाईंना कर्जत लोकल पकडायची होती. त्यांनी एक कापडी पिशवी हातात दिली: जुन्या बोधचिन्हाचे दोन बॅनर, अर्धं वापरलेलं पावती पुस्तक आणि एक पेन ड्राइव्ह, जो पुढे कधी उघडलाच नाही. मी गर्दीत धक्के खात एका कागदावर "सर्व मिळाले" लिहून सही केली. तीन महिन्यांनी खजिनदारांचा फोन आला, "४१ ते ५० या पावत्या कुठायत?" पुस्तकात त्या नव्हत्याच. पण सही माझी होती.

म्हणून पदभार टेबलावर बसून घ्या, तासभर तरी काढा, आणि प्रत्येक वस्तूसमोर तिची अवस्था लिहा. पावती पुस्तकाचं पान न् पान मोजा. कुठला क्रमांक वापरला, कुठला रद्द, कुठला कोरा. ईमेल खात्याचा पासवर्ड समोरच बदला आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबरही बदला, नाहीतर ओटीपी वर्षभर आधीच्या बाईंकडे जात राहतो. व्हॉट्सॲप गटांचे ॲडमिन कोण, कुठल्या हॉलकडे अनामत अडकली आहे, कुणाची प्रमाणपत्रं द्यायची राहिली आहेत, हेही त्याच कागदावर.

प्रलंबित तक्रारींचा फक्त आकडा आणि त्या कुणाकडे सोपवल्या, एवढंच घ्या. तपशील ऐकू नका. का, ते सातव्या टप्प्यात.

३. यादी साफ करा, मगच एखादा निरोप पाठवा

जुनी यादी म्हणजे भंगार असतं असं समजूनच बसा. कुणाचं सभासदत्व संपलेलं, कुणी दुबईला गेलेलं, एकीचं नाव लग्नाआधीचं आणि नंतरचं असं दोनदा. मुख्य कार्यालयाकडून ताजी यादी मागवून दोन्ही शेजारी ठेवा. मग स्वतःसाठी दोन रकाने वाढवा: कामाची जागा (शाळा, इस्पितळ, संस्था, खाजगी दवाखाना) आणि जवळचं स्टेशन. स्टेशनचा रकाना पुढे सोन्यासारखा उपयोगी पडतो.

आता एक गोष्ट फक्त आपल्याच व्यवसायात येते. समुपदेशन शिकणारे बरेच विद्यार्थी स्वतः कुणाकडे तरी सेशन घेत असतात, आणि दोघंही याच संघटनेचे सभासद असतात. तुम्ही उत्साहानं सव्वाशे जणांचा एक गट बनवलात की क्लायंट आणि तिची समुपदेशक एकाच ठिकाणी येतात, एकमेकींचे नंबर, फोटो, "गुड मॉर्निंग" सगळं दिसतं. एका मुलीनं मला विचारलं होतं, "मॅडम, मी गट सोडला तर माझं सभासदत्व जाईल का?" कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तो गट बंद केला. सूचनांसाठी व्हॉट्सॲपचीच कम्युनिटी वापरा; तिथल्या सूचना-गटात साध्या सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. चर्चेचा गट हवाच असेल तर वेगळा, आणि ज्याला हवं त्यानंच त्यात यायचं.

*सावधान:* यादीची एक्सेल फाइल कुणालाही पुढे पाठवू नका, "फक्त कार्यशाळेचं कळवायचंय" म्हणणाऱ्यालाही नाही. लोकांनी नंबर सभासदत्वासाठी दिलाय, तुमच्या मैत्रिणीच्या कोर्सच्या जाहिरातीसाठी नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदाही हेच सांगतो: ज्या कामासाठी माहिती घेतली, त्याच कामासाठी वापरा.

४. वीस फोन

पहिली बैठक बोलावण्याआधी वीस सभासदांना फोन करा. पाच जुने, पाच नवे, पाच शाळांतले आणि पाच असे की ज्यांनी यंदा नूतनीकरण केलं नाही. शेवटचे पाच सगळ्यात महत्त्वाचे. मेसेज नको, फोनच. दिवसभर दुसऱ्याचं ऐकून घेणं हा आपला धंदा, पण पद मिळालं की आपणही भाषण ठोकायला लागतो. तेव्हा प्रश्न कागदावर लिहून घ्या आणि गप्प बसा: संघटनेकडून शेवटचा उपयोग कधी झाला? सुपरव्हिजन, म्हणजे आपल्या केसेसवर अनुभवी समुपदेशकाचं मार्गदर्शन, मिळतं का? कुठल्या वारी, किती वाजता येऊ शकता?

माझ्या वीस फोनांत सतरा जणांनी सुपरव्हिजनचं नाव काढलं. पाहुण्यांचं व्याख्यान कुणालाच नको होतं. मी तोवर दोन वक्ते ठरवून बसले होते. दोघांनाही माफी मागून नाही कळवलं.

५. विभागाचा नकाशा लोकलचा काढा

वॉर्ड, तालुके विसरा. मुंबईत माणूस लाइनीवर राहतो. वेस्टर्न, सेंट्रल, हार्बर अशा तीन लाइनींना एकेक संपर्क-सभासद नेमा. बोरिवलीच्या माणसाला चेंबूरला बोलावलंत तर तो पहिल्यांदा येईल, कौतुकानं. दुसऱ्यांदा येणार नाही. सगळ्यांची एकत्र बैठक असेल तर दादर; वेस्टर्न आणि सेंट्रल तिथे भेटतात, आणि हार्बरवाले कुर्ल्याला गाडी बदलून येतात. हॉल स्टेशनपासून चालत दहा मिनिटांच्या आत हवा. वेळ रविवारची ठेवलीत तर मेगाब्लॉकचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय तारीख जाहीर करू नका. एकदा मी ते पाहिलं नाही. साठ खुर्च्या मांडल्या, माणसं अकरा, आणि त्यातले दोघे चहावाले.

वारांचंही तसंच. खाजगी प्रॅक्टिसवाल्यांच्या संध्याकाळी आणि शनिवार भरलेले, कारण नोकरदार क्लायंट तेव्हाच येतात. शाळेतल्यांना दुपारी तीननंतर मोकळीक, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा आणि निकालाच्या दिवसांत त्यांना हात लावायचा नाही. दोघांना एकाच वेळी बसवायचा हट्ट धरू नका; महिन्याआड एक बैठक यांची, एक त्यांची.

वर्षाची आखणी करताना जुलै सोडून द्या. पाऊस आणि रुळांवरचं पाणी तुमचं नियोजन पाळत नाहीत. त्या महिन्यात जे करायचं ते ऑनलाइन. १० सप्टेंबर हा आत्महत्या प्रतिबंध दिन गणपतीच्या धामधुमीच्या आसपास येतो आणि १० ऑक्टोबर हा मानसिक आरोग्य दिन बऱ्याचदा नवरात्र-दसऱ्याच्या मागेपुढे. त्यामुळे या दोन दिवसांसाठी हॉल शोधायचा तर जूनमध्येच शोधा. डिसेंबर-जानेवारी मोकळे मिळतात, मोठं काही करायचं तर तेव्हा.

६. पहिली बैठक, आणि पैशाचे नियम

दीपप्रज्वलन नको, शाल-श्रीफळ नको. पहिल्या बैठकीत दोन तासांचं एक काम ठरवा. आमच्याकडे ते होतं सुपरव्हिजनचे गट लावणं. सूचना किमान पंधरा दिवस आधी, विषयपत्रिकेसह. घटनेत गणपूर्तीचा (कोरमचा) आकडा असेल तर तो आधी पाहा, नाहीतर ठराव होतात आणि नंतर कळतं की ते ठरावच नव्हेत. इतिवृत्त त्याच रात्री लिहा: कोण हजर, काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. कोण काय म्हणालं ते नको.

गटांमध्ये केस मांडताना नाव बदलणं पुरेसं नाही. "अमुक कॉलेजात शिकवणारी, नवरा मर्चंट नेव्हीत, राहायला शिवाजी पार्कला" एवढं सांगितलं की खोलीतली निदान एक जण तिला ओळखते. मुंबई मोठी आहे असं वाटतं, आपलं वर्तुळ लहान आहे. व्यवसाय, वस्ती, घरातली माणसं, तिन्ही बदलायची किंवा गाळायची, आणि व्हॉट्सॲपवर केस कधीच मांडायची नाही.

पैशाचं थोडक्यात, कारण नियम एकच आहे: संघटनेचा एक रुपयाही तुमच्या खात्यात यायला नको. "घाईत आहे, तुमच्याच नंबरवर जीपे करते" याला ठाम नाही म्हणा. संघटनेच्या खात्याचा क्यूआर छापून टेबलावर ठेवा. देणगीदार करसवलतीसाठी पावती मागतो तेव्हा लक्षात ठेवा, २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर त्याला वजावट मिळत नाही, म्हणून ऑनलाइन किंवा चेकच घ्या. चहा-वडापावचं बिल त्याच दिवशी व्हाउचरला जोडा. महिनाअखेरीला करू म्हणून ठेवलेली बिलं भिजतात, धुण्यात जातात.

*तपासा:* पहिल्या बैठकीनंतर सात दिवसांत इतिवृत्त आणि खर्चाचा हिशेब दोन्ही वर गेले?

७. तक्रार आली तर

इथे चुका महाग पडतात, म्हणून सावकाश वाचा.

कधी ना कधी फोन येईल: "तुमच्या एका सभासदानं माझ्या मुलीचं सेशनमधलं बोलणं तिच्या नवऱ्याला सांगितलं." आपली सवय काय? ऐकून घेणं, धीर देणं, नेमकं काय झालं ते उलगडणं. थांबा. या फोनवर तुम्ही समुपदेशक नाही, पोस्टमन आहात. तुम्ही खोलात शिरलात की चौकशी सुरू झाली, आणि चौकशीचा अधिकार तुम्हाला नाही, तो संघटनेच्या नीती समितीला असतो. वर, आठ दिवसांनी तोच सभासद फोन करून "माझी बाजू ऐका ना" म्हणतो आणि तुम्ही दोघांच्या मध्ये अडकता.

क्रम असा. तक्रारदाराला शांतपणे सांगा की तुम्ही निर्णय देऊ शकत नाही, पण तक्रार योग्य जागी पोहोचवाल. तक्रार लेखी कुठे पाठवायची तो पत्ता द्या. लिहिता येत नसेल तर कार्यालयातून कुणी लिहून घेईल, तशी सोय करा. तिला सध्या आधाराची गरज दिसली तर दुसऱ्या तीन समुपदेशकांची नावं द्या, त्यात स्वतःचं नको. तक्रार आल्याचं समितीला त्याच दिवशी कळवा. तुमच्याकडे आलेला मेसेज पुढे पाठवून आपल्या फोनमधून काढून टाकायचा की ठेवायचा, हेही समितीलाच विचारा. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो तुमचा मित्र, गुरू किंवा जुना सहकारी असेल, तर पोस्टमनचं कामही दुसऱ्याला द्या. आणि तक्रार सभासद नसलेल्या कुणाविरुद्ध असेल तर संघटना काही करू शकत नाही, हे पहिल्या दोन मिनिटांत सांगा. खोटी आशा लावू नका.

"दोघांना चहाला बोलावून मिटवून टाकू" असं कार्यकारिणीतलं कुणीतरी सुचवेलच, आणि वयानं मोठं असेल. "काका, हे माझ्या पत्रात नाही," एवढं म्हणायचं. पहिल्या टप्प्यात पत्र मागितलं होतं ते यासाठी.

दुसरा प्रकार सभासदांच्या फोनचा. शाळेतली समुपदेशक विचारते, "मॅडम, एका मुलीनं काकाबद्दल सांगितलंय. प्रिन्सिपल म्हणतात आधी पालकांशी बोला. काय करू?" इथे संघटनेची परवानगी वगैरे काही नसतं. बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे, असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं त्यानं स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाच कलम २१ खाली गुन्हा. प्रिन्सिपलची, पालकांची किंवा तुमची संमती त्यासाठी लागत नाही. फोन करणारीला हेच सांगा, १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन सांगा, आणि हे सगळं करताना ती एकटी पडणार नाही एवढं बघा. मुलीचं नाव तुम्हीही विचारू नका.

*सावधान:* "गटात विचारून बघते" हे अशा वेळी कधीच नाही.

८. बॅनर, बिरुदं आणि टीव्हीवाले

कार्यक्रमाचं पत्रक छापायला जाण्याआधी त्यातली बिरुदं तपासा. "सरकारमान्य समुपदेशक", "लायसन्सधारक" असं लिहायची हौस फार. संघटनेचं सभासदत्व म्हणजे परवाना नव्हे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी १९९२ च्या कायद्याखालच्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, आणि तो नोंदणी क्रमांक असल्याशिवाय ते बिरुद लावायचं नाही. समुपदेशकांचा समावेश २०२१ च्या सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्यात आहे, पण म्हणून आजच कुणी स्वतःला "आयोगाचा मान्यताप्राप्त" म्हणवून घेऊ नये. प्रमाणपत्रावर "कार्यशाळेस उपस्थित" लिहा. "प्रशिक्षित" लिहिलंत की ते उद्या कुणाच्या तरी दवाखान्याच्या भिंतीवर लागतं.

एखाद्या विद्यार्थ्याच्या आत्महत्येची बातमी आली की वाहिनीवरून फोन येतो, "दोन मिनिटांचा बाइट द्या ना, कारण काय असेल?" ज्याला भेटला नाहीत त्याच्याबद्दल बोलू नका. कारण, पद्धत, चिठ्ठी, यातलं काहीही नाही. पत्रात बोलण्याचा अधिकार दिलेला असेल तरच बोला, आणि तेव्हाही मदत कुठे मिळते तेच सांगा: टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, सरकारी, मोफत, मराठीतही बोलता येतं. मी एकदा हा नंबर सांगितला आणि बाइटमधून नेमका तोच कापला गेला. तेव्हापासून पहिल्या वाक्यातच सांगते.

आणि हो, पदामुळे तुमच्याकडे "कुणीतरी चांगलं सुचवा" असे फोन वाढतात. त्यातले क्लायंट स्वतःकडे वळवायचे नाहीत. यादीतून लाइन बघून आळीपाळीनं तीन नावं द्यायची. स्टेशनचा रकाना इथेही कामाला येतो.

९. पद सोडायची तयारी सहा महिने आधी

मुदत संपायच्या आत दोन जणांना शेजारी बसवून काम दाखवा. एकाला नको, दोघांना, एक गळतो. शेवटच्या तीन महिन्यांत नवा कार्यक्रम जाहीर करू नका, हॉलची अनामत परत मागून घ्या, राहिलेली प्रमाणपत्रं पोस्टानं पाठवून टाका. गटांचे ॲडमिन बदला आणि स्वतः बाहेर पडा. "सल्लागार" म्हणून राहू नका, नवीन माणसाला प्रत्येक मेसेज टाकताना तुम्ही वाचताय असं वाटत राहतं. आपल्या फोनमधली सभासदांची यादी पुसा, लॅपटॉपवरची प्रतही.

पदभाराच्या कागदाच्या दोन प्रती करा, दोघांच्या सह्या, एक सचिवांना. पावत्यांचे क्रमांक, पासवर्ड बदलल्याची तारीख, प्रलंबित तक्रारींचा आकडा. आणि बॅनर कुणाच्या माळ्यावर पडलेत, तेही लिहा. माझ्या पिशवीतले ते दोन अजून आमच्याच माळ्यावर आहेत, जुन्या बोधचिन्हाचे. न्यायला कुणी येत नाही.